फुल मॅरेथॉनच्या सरावाचा तिसराच आठवडा, आणि तेराव्या किलोमीटरला रिक्षा करून घरी आले

अनवट, ठाणे | रविवार, दुपारी १:१०

नमस्कार. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला यंदा पहिल्यांदाच फुलसाठी, म्हणजे ४२ किमीसाठी, नाव दिलं आहे. वय ४३. गेल्या चार वर्षांत २१ किमीच्या तीन हाफ झाल्या, त्यातली सगळ्यात चांगली २ तास १८ मिनिटांची. फुल पाच तासांच्या आत व्हावी एवढीच इच्छा. सोळा आठवड्यांचा प्लॅन घेतला आहे. चार दिवस पळणं, एक दिवस स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचा व्यायाम. पहिले दोन आठवडे बरे गेले.

आज १८ किमीचा लाँग रन होता. पहिले १२ आरामात, किलोमीटरला ७:४५ मिनिटांच्या आसपास, आणि शेवटचे ६ मॅरेथॉन पेसने, म्हणजे ७:०५ ने. कागदावर यात अवघड काहीच नाही. मी २१ किमी याहून वेगाने पळाले आहे. पहाटे सव्वापाचला ग्रुपबरोबर उपवनहून निघालो, घोडबंदर रोडच्या दिशेने. पाच-सहा किमीपर्यंत फार छान वाटत होतं. नवव्यापासून पाय जड व्हायला लागले. अकराव्याला घड्याळात ठोके १७४ आणि पेस ८:३०. बाराव्यानंतर चालायला लागले. पुन्हा पळायचा प्रयत्न तीनदा केला, दर वेळी शंभर-दीडशे मीटरवर थांबले. तेराव्याला फुटपाथवर बसले. ग्रुप केव्हाच पुढे गेला होता. रिक्षा केली. रिक्षावाल्या काकांनी काही न विचारता पाण्याची बाटली मागे दिली, आणि मला रडू आलं.

घरी कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी फक्त विचारलं, पायाला तेल लावून देऊ का. मी नको म्हटलं आणि खोलीत जाऊन पडले.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. तेराला ही अवस्था, तर बेचाळीस कसे होणार? हे तिसऱ्या आठवड्यात झालं, अजून खरा सराव सुरूही झालेला नाही. ज्यांनी फुल केली आहे त्यांनी कृपया खरं सांगा. धीर देऊ नका, खरं सांगा.

पायवाट, पुणे | रविवार, दुपारी १:४२

ताई, वाचून पोटात तुटलं. माझ्या पहिल्या फुलच्या वेळी वेताळ टेकडीवर असंच झालं होतं. १० किमीचा साधा रन, सातव्याला दगडावर बसलो. दोन दिवस बुटांकडे बघवत नव्हतं. ती फुल नंतर झाली. तुमचीही होईलच असं मी कसं सांगू, पण त्या सात किलोमीटरांवरून काही ठरलं नव्हतं एवढं नक्की.

घाटमाथा, सातारा | रविवार, दुपारी ३:०५

अनवट, आधी काही विचारतो, मग बोलू.

पहिले पाच किमी कोणत्या पेसने गेले? घड्याळातले आकडे बघून सांग, आठवणीतले नको. शनिवारी रात्री काय जेवलीस, किती झोपलीस? पळताना किती पाणी, त्यात मीठ होतं का? गेल्या तीन आठवड्यांत ताप, सर्दी, पोट बिघडणं? आठवड्याला एकूण किती किमी होतात? आणि नवरात्राचे उपवास चालू आहेत का?

अनवट, ठाणे | रविवार, दुपारी ४:३०

काका, घड्याळ उघडून बघितलं. पहिले पाच: ६:४८, ६:४०, ६:३७, ६:४१, ६:४४. एवढ्या वेगात होते हे मला पळताना कळलंच नाही. सगळे गप्पा मारत होते, मी ऐकत होते.

शनिवारी रात्री वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी. हो, नऊही दिवसांचे उपवास आहेत, आज सहावी माळ. दिवसातून एकदाच नीट खाणं होतं. रात्री सोसायटीत गरबा, नंतर घरातलं आवरून झोपायला बारा वाजले, उठले सव्वाचारला. पाणी अर्ध्या बाटलीच्या आत, साधंच. ताप नाही. आठवड्याला २८ ते ३० किमी.

घाटमाथा, सातारा | रविवार, रात्री ८:२०

उत्तरं मिळाली. आता सविस्तर लिहितो.

तुझी हाफ २:१८ ची, म्हणजे किलोमीटरला साधारण ६:३३. तो तुझा शर्यतीच्या दिवसाचा, जानेवारीतल्या हवेतला, पोटभर खाऊन झोपून उठल्यावरचा वेग. आज पहिले पाच किमी तू त्याच्यापेक्षा फक्त आठ-दहा सेकंदांनी हळू होतीस, आणि प्लॅन मागत होता ७:४५. म्हणजे आरामाच्या रनच्या नावाखाली तू जवळजवळ हाफची शर्यत सुरू केलीस. तीही उपाशी, चार तासांच्या झोपेवर, ऑक्टोबरच्या ठाण्यात.

ग्रुपमध्ये हे सगळ्यांचं होतं. तू म्हणतेस, "मी ऐकत होते". इथेच मला थांबावंसं वाटलं. बाकीचे बोलत होते, म्हणजे त्यांच्यासाठी तो वेग आरामाचा होता. तू गप्प होतीस, कारण तुला बोलायला श्वास उरत नव्हता. आमच्या इथे नवीन मुलं येतात त्यांना मी सांगतो, लाँग रनमध्ये सतराचा पाढा न धापता म्हणता आला पाहिजे. सतरा पंचे पंच्याऐंशीला अडखळलास तर वेग कमी कर.

आता हवेचं. घामाने शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. हवेतच ओल भरलेली असली की घाम नुसता गळतो, वाळत नाही. मग आतली उष्णता बाहेर टाकायला हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं. त्यात घामातून पाणी जात राहतं, रक्तातला द्रव कमी होतो, आणि तोच वेग ठेवायला ठोके वाढत जातात. सहाव्यापर्यंत छान आणि नवव्याला शिसं भरल्यासारखे पाय, याचं मोठं कारण हे. पावसाळ्यात तुम्ही मुंबईकर ओल्या पण ढगाळ हवेत पळता. ऑक्टोबरात ढग जातात, ओल राहते, वर ऊन येतं. शरीराला या उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेही हळू पळून.

माझं वय ६१. नऊ फुल झाल्या. प्रत्येक हंगामाची एक वही आहे. ज्या दिवशी ठरलेला रन पूर्ण होत नाही त्या तारखेपुढे मी "मोडला" असं लिहितो आणि खाली आधीच्या दहा दिवसांची नोंद करतो: झोप, जेवण, घरातली धावपळ, हवा, आजारपण. अशी एकही वही नाही ज्यात तीन-चार ठिकाणी "मोडला" लिहिलेलं नाही. एका वर्षी यवतेश्वरच्या घाटात मी चौथ्या किलोमीटरला परत फिरलो होतो. खाली येताना दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा एक ओळखीचा माणूस भेटला. त्याने विचारलं, "आज लवकर?" मला उत्तर देता आलं नाही. तो घाट मी त्याआधी पन्नासदा तरी चढलो असेन. वहीत बघितलं तर आधीच्या आठवड्यात घरात लग्न होतं, पाच दिवस धड झोप नव्हती.

तू विचारलंस, तेराला ही अवस्था तर बेचाळीस कसे. हे गणित चुकीचं मांडलं आहेस. आजच्या तेरावरून आजच्या दिवसाचं कळतं. बेचाळीसबद्दल काही कळायचं असेल तर ते डिसेंबरच्या मध्यावर, २८-३० किमीचा रन झाल्यावर कळेल.

उद्या पूर्ण विश्रांती. मंगळवारी चालणं. गुरुवारी ५ किमी, इतके हळू की कंटाळा येईल. आणि राहिलेले पाच किमी कुठेही भरून काढायचे नाहीत. बुडालेला रन भरून काढायला जाणारी माणसं नोव्हेंबरात नडगी धरून बसलेली मी पाहिली आहेत.

मिशिगनकाठ, शिकागो | रविवार, रात्री ११:१५

घाटमाथा यांनी हवेचं लिहिलं त्याला इथली साक्ष देते. २००७ च्या ऑक्टोबरात शिकागो मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. एरवी इथे त्या दिवसांत स्वेटर लागतो. त्या दिवशी पारा ३० अंशांच्या वर गेला. पळणारे महिनोन् महिने तयारी करून आलेले होते, तरीही. मी तेव्हा पळत नव्हते, पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक होते. कप संपत होते आणि धडधाकट माणसं कडेला बसत होती. तेव्हापासून उकाड्यात थांबलेल्या कोणालाही कमकुवत म्हणायची माझी हिंमत होत नाही.

डॉ. निशिगंध, नाशिक | सोमवार, सकाळी ७:३०

अनवट, दोन गोष्टी. पहिली सगळ्यांसाठीच. पळताना छातीत दाब किंवा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अचानक अनियमित होणं, किंवा नंतर गडद चहासारखी लघवी, यातलं काहीही झालं तर सरावाची चर्चा बाजूला ठेवून आधी दवाखाना. तुम्हाला असं काही झालं होतं का?

दुसरी. तुमचा रन मोडायला झोप, उपवास आणि वेग एवढी कारणं पुरेशी आहेत. तरी तुमच्या वयाच्या बायकांना मी एक रक्ततपासणी करायला सांगतेच: सीबीसी, फेरिटिन, थायरॉइड, बी१२. पाळीत अंगावर जास्त जात असेल तर नक्कीच. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही हा साठा रिकामा असू शकतो, आणि पळणाऱ्या बाईला ते सगळ्यात आधी जाणवतं. चढावर धाप, पाय जड, ठोके वर. घरच्या कामात ते लपून जातं, कारण आपण थकव्याला कारण विचारतच नाही.

आणि सध्या डेंग्यू-चिकुनगुन्याचे दिवस आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला नुकताच ताप येऊन गेला असेल, तर ताप उतरला म्हणजे पळायला मोकळे असं समजू नका. डॉक्टरांना विचारूनच बूट घाला.

सरळरेष, मुंबई | सोमवार, सकाळी १०:०५

सगळे समजावताहेत, मी जरा वेगळं लिहितो, कारण धागाकर्तीने खरं सांगा असं म्हटलं आहे. २८-३० किमीच्या आठवड्यावर १८ चा लाँग रन म्हणजे निम्म्याहून जास्त पळणं एकाच दिवशी. हा प्लॅन तुमच्यासाठी घाईचा आहे. शिवाय २:१८ च्या हाफवरून पहिली फुल पाच तासांच्या आत येणं काठावरचं आहे, अशक्य नाही. पण तो पाच तासांचा आकडा तुम्हाला तिसऱ्या आठवड्यापासून मॅरेथॉन पेसचे किलोमीटर करायला लावतो आहे. माझं मत: एक तर या वर्षी पुन्हा हाफ करा आणि आठवड्याचे किलोमीटर ४५ पर्यंत न्या, किंवा फुल करायचीच असेल तर वेळ डोक्यातून काढा. दोन्ही एकदम होणार नाही.

घाटमाथा, सातारा | सोमवार, सकाळी १०:५०

सरळरेष, दुसरा पर्याय मला मान्य. पहिला नाही. तेरा आठवडे हातात आहेत, नोंदणी झाली आहे, तीन हाफचा पाया आहे. आत्ताच सोडायला लावणं मला पटत नाही. पण पेसचे तुकडे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद, हे तुम्ही म्हणता ते बरोबर. मी काल लिहायला हवं होतं, राहून गेलं.

अनवट, ठाणे | सोमवार, दुपारी २:१५

डॉक्टर, छातीत किंवा डोळ्यांपुढे काही झालं नाही. पाळीत जास्त जातं, गेली दोन-तीन वर्षं. हे कधी पळण्याशी जोडलंच नव्हतं. तपासणी करते.

सरळरेष, तुमचं वाचून आधी राग आला. मग दुपारी डबा खाताना पुन्हा वाचलं. पाच तासांचा आकडा माझा नव्हता, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं. ग्रुपमध्ये सगळे "सब-फाइव्ह" म्हणतात म्हणून मीही म्हणाले. फुल मला हवी आहे ती वेगळ्या कारणाने. माझे वडील एसटीत चालक होते. मी कॉलेजात पळायचे, तालुक्याला पहिली आले होते. लग्नानंतर वीस वर्षं पळणं बंद होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर परत सुरू केलं तेव्हा बाबा म्हणाले, आता थांबू नकोस. ते आता नाहीत. मला ४२ पूर्ण करायचे आहेत, कितीही वेळ लागू दे.

एक विचारायचं आहे. उपवास सोडावेत का? मला सोडायचे नाहीत.

सोनचाफा, कोल्हापूर | सोमवार, दुपारी ३:४०

अनवट, उपवास ठेव. मीही धरते. पण उपवास म्हणजे उपाशी राहणं असं कोणी सांगितलं?

पळण्याची ताकद मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेतून येते. पाच-सहा दिवस एकवेळ खाऊन तो साठा कमी होतो. उपवासाच्या चौकटीत तो भरता येतो. लाँग रनच्या आदल्या दुपारी उकडलेलं रताळं आणि दही. रात्री भगर वाटीभर नको, ताटभर, बरोबर बटाट्याची भाजी. पहाटे निघण्याआधी एक केळं आणि दोन खजूर. पळताना खिशात राजगिऱ्याची चिक्की, दर पाच किमीला लहान तुकडा. पाण्यात लिंबू, साखर आणि सैंधव. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही लांबच्या रनमध्ये बरं नाही, रक्तातलं मीठ फार पातळ होऊ शकतं. साबुदाण्याची खिचडी मात्र पहाटे नको, तुपा-दाण्यांनी पोटात बसून राहते. रंकाळ्याच्या चार फेऱ्यांत मी ते शिकले.

ज्या आठवड्यात एकच वेळ खायचं असेल, त्या आठवड्यात लाँग रन १० वर आण. देवी रागावणार नाही.

नवशिका, छत्रपती संभाजीनगर | सोमवार, रात्री ९:००

मधे विचारतो, क्षमस्व. माझ्या घड्याळातही आरामात पळताना ठोके १७० दाखवतात. मी घाबरून थांबतो. हे बरोबर असतं का?

डॉ. निशिगंध, नाशिक | सोमवार, रात्री ९:३५

मनगटावरचं घड्याळ कातडीतून प्रकाश टाकून ठोके मोजतं. पट्टा सैल असेल, घाम असेल, तर ते कधी कधी पावलांची लय पकडतं, आणि पावलं मिनिटाला १६०-१७५ पडतच असतात. छातीचा पट्टा त्यापेक्षा भरवशाचा. तो नसेल तर थांबून मानेवर दोन बोटं ठेवून मोजा, किंवा घाटमाथांचा सतराचा पाढा. २२० वजा वय हे सूत्र फार ढोबळ आहे, त्यावर घाबरू नका. पण बरं वाटत नसताना घड्याळ चुकलं असेल म्हणून पळतही राहू नका.

पायवाट, पुणे | मंगळवार, सकाळी ८:१०

केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे, त्याचं उदाहरण द्यायचा मोह होतोय. २०२० च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तो आठवा आला होता, पुढच्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्ण.

अनवट, ठाणे | मंगळवार, सकाळी ८:४५

पायवाट, मनापासून आभार, पण तो फार लांबचा माणूस आहे. मला काकांच्या दुधाच्या किटल्यांनी जास्त आधार दिला. काल संध्याकाळी सासूबाईंकडून तेल लावून घेतलं. त्या म्हणाल्या, काल नको का म्हणालीस. मग दोघी बराच वेळ बोललो.

अनवट, ठाणे | चार आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:२०

धागा वर काढते आहे, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात आणि नंतर मी काहीच कळवलं नाही.

तपासणीत हिमोग्लोबिन ११.१, फेरिटिन ९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जाऊन आले. साठा भरायला काही महिने लागतील असं सांगितलंय. जेवणानंतर लगेच चहा बंद केला, ते सगळ्यात अवघड गेलं. आई हळिवाचे लाडू पाठवते आहे. डॉक्टर हसून म्हणाल्या, लाडू खा, पण गोळी चुकवू नका.

वही केली आहे. पहिल्या पानावर त्या रविवारची तारीख आणि पुढे "मोडला". खाली दहा दिवस लिहून काढले तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं, की मी तेरापर्यंत गेले तरी कशी.

पाच तास सोडले. पेसचे तुकडे बंद आहेत. ग्रुपला सांगितलं की मी मागे राहणार. दोघी जणी म्हणाल्या, आम्हालाही तो वेग जड जातो, बोलायचं धाडस नव्हतं. आता आम्ही तिघी मागे असतो. तीनही आठवडे सोपे नव्हते. दुसऱ्या रविवारी १४ किमी, शेवटचे दोन चालत. दिवाळीच्या आठवड्यात पाहुणे होते, एकच रन झाला. आज १८ होते, त्याच रस्त्याने. ७:५५ ने निघालो. ज्या फुटपाथवर बसले होते तिथे आल्यावर घशात आलं. मैत्रीण म्हणाली, पाढा म्हण. एकोणिसाचा म्हणायला घेतला, तो मला येतच नाही. १६ व्यानंतर चालणं-पळणं आलटून पालटून केलं. १८ झाले. पाय दुखताहेत, ठोके शेवटी वर गेलेच. बेचाळीसची खात्री अजून वाटत नाही.

घाटमाथा, सातारा | रविवार, दुपारी १२:०५

वहीत लिहिलंस का?

अनवट, ठाणे | रविवार, दुपारी १२:१२

लिहिलं. झोप साडेसहा तास, रात्री वरण-भात, वजन पळण्याआधी ५८.४, नंतर ५७.३. म्हणजे लिटरभर घाम गेला, अजून पाणी वाढवायला हवं ना?

घाटमाथा, सातारा | रविवार, दुपारी १२:२०

वाटेत प्यालेलं त्यात मिळव, घाम त्याहून जास्त निघेल. सगळा भरून काढायचा नसतो, पण प्रत्येक तासाला दोन-चार घोट वाढव. पुढचा रविवार १४ चा ठेव, तिथे मागे ये. त्यानंतर २०.

सरळरेष, मुंबई | रविवार, दुपारी १:००

२० च्या रविवारी मी ठाण्यात बहिणीकडे असेन. ७:५५ ने पळायला आवडेल. किती वाजता, कुठे?

अनवट, ठाणे | रविवार, दुपारी १:०६

पहाटे पाच, उपवन तलाव, गणपतीच्या देवळासमोर. तिघी आहोत, चौथे तुम्ही. चिक्की मी आणते.